गुबगुबीत अक्षराची शिस्त

चंदगडसारख्या तालुक्याच्या गावात फ्लेक्स, दुकानाचे बोर्ड, पत्रिका आणि हँडबिलं करून देणाऱ्याकडे गिऱ्हाईक कुठलंही येवो, काजूचा कारखानदार असो की कबड्डीच्या स्पर्धा भरवणारं मंडळ, मागणी एकच असते: अक्षर उठून दिसलं पाहिजे. ही मागणी पुरवायचे दोन रस्ते आहेत. पहिला सोपा. कोरल या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये नेहमीचा फॉन्ट घ्यायचा, बोल्ड करायचा, त्याला चहूबाजूंनी जाड आउटलाइन चढवायची, ती लाल, आतलं अक्षर पिवळं, खाली काळी सावली, की झालं. दुसरा रस्ता मुळातच जाड आणि खेळकर म्हणून रेखाटलेलं अक्षर वापरण्याचा. लांबून पाहणाऱ्याला दोन्ही सारखेच भपकेबाज वाटतात, आणि शिकलेली माणसं दोन्हींना एकाच सुरात नाकं मुरडतात. या कामात राहून माझं मत मात्र वेगळं बनलं आहे. फुगवलेलं अक्षर आणि जाड रेखाटलेलं अक्षर या दोन अगदी वेगळ्या जाती आहेत. पहिल्यात कष्ट वाचतात आणि वाचक अडखळतो. दुसऱ्यात खेळ दिसतो, पण त्यामागं साध्या अक्षरापेक्षाही कडक शिस्त असते. मराठीला या दुसऱ्या जातीच्या अक्षरांची गरज आहे, आणि ती पुण्यामुंबईइतकीच चंदगडच्या बाजारपेठेलाही आहे.

हे पटायचं तर आधी देवनागरीच्या अंगकाठीकडे पाहावं लागेल. इंग्रजी ‘ओ’ जाड करायचा तर बाहेरून वाढवा, आतून वाढवा, मधे टिकलीएवढं भोक उरलं तरी तो ‘ओ’च राहतो. आपल्या ‘क’चं तसं नाही. त्यात मधला दंड, डावीकडचं वाटोळं गाठोडं, उजवीकडचं वळण, आणि वर शिरोरेषा. आडव्या ओळीत तीन भिंती आणि त्यांच्यामधे दोन पोकळ्या बसवायच्या आहेत. ‘इ’ घेतली तर अडचण उभी येते: शिरोरेषा, वरचं वळण, खालचं वळण, शेपूट असे चार थर एकाच उंचीत मावायला हवेत. प्रत्येक थर उंचीच्या पावपट जाड केला, तर पोकळीला जागाच उरत नाही, नुसता डाग पडतो. याउलट ‘ग’ किंवा ‘र’ हवे तेवढे जाड करता येतात, कारण त्यांच्या पोटात मुळातच जागा आहे. म्हणजे सगळ्या अक्षरांना एकसारखी जाडी देणं हाच अन्याय. आउटलाइन नेमकं तेच करते: ‘ग’लाही दोन मिलिमीटर, ‘इ’लाही दोन मिलिमीटर. अक्षर आडवं ताणलं तर आणखी गंमत होते. उभे दंड रुंदावतात, आडव्या रेषा होत्या तेवढ्याच राहतात, आणि अक्षराचा तोल जातो. जाड अक्षर रेखाटणारा माणूस उलट वागतो. जिथं थर जास्त तिथं तो रेघ बारीक करतो, जिथं पोकळी मोठी तिथं ती भरतो, आणि शेवटी ओळीत सगळी अक्षरं सारखीच काळी दिसतील असं पाहतो. डोळ्याला दिसणारा सारखेपणा असा मुद्दाम केलेल्या कमीजास्तपणातून येतो. बोल्डच्या बटणाला ही अक्कल नसते.

पोकळी बुजली तर काय बिघडतं, असं कुणी विचारेल. बिघडतं ते असं, की आपल्या लिपीत बरीच अक्षरं एकमेकांपासून फक्त एका बारीक खुणेनं वेगळी आहेत. ‘ध’ आणि ‘घ’, ‘भ’ आणि ‘म’ यांच्यातला फरक म्हणजे डोक्यावरची छोटी गाठ आणि शिरोरेषेतली फट. आउटलाइननं ती फट मिटली की ‘धनगर’चा ‘घनगर’ होतो आणि ‘भात’ ‘मात’ होतो. ‘ब’च्या पोटातली तिरपी रेघ बुजली की ‘बाजार’ ‘वाजार’ होतो, ‘ष’च्या पोटातली गेली की ‘प’ उरतो. चंदगडमधलं सगळ्यांत बोलकं उदाहरण ग्रामदैवताच्या नावातच आहे. ‘रवळनाथ’ लिहिताना पहिली दोन अक्षरं जाड झाली आणि जागा वाचवायला एकमेकांना चिकटवली, की ‘र’ची शेपटी ‘व’च्या पोटाला टेकते आणि ‘ख’ तयार होतो. यात्रेच्या कमानीवर देवाचं नाव भलतंच वाचलं जावं, ही चूक शुद्धलेखन तपासून सापडत नाही, कारण टाइप केलेलं अगदी बरोबर असतं. चूक अक्षराच्या आकारात आणि दोन अक्षरांमधल्या अंतरात असते. म्हणून जाड अक्षराचा पहिला नियम असा, की काळ्या भागाइतकीच काळजी पांढऱ्या भागाची घ्यायची.

या नियमाचा उत्तम नमुना मराठीत आज उपलब्ध आहे आणि त्याचं नाव मोदक. मुंबईच्या एक टाइप या गटानं तो केला. त्यातली देवनागरी सारंग कुलकर्णी यांची, रोमन अक्षरं मैथिली शिंगरे यांची. देवनागरीत अक्षर किती जाड होऊ शकतं, त्याची हद्द गाठायची असा त्यामागचा खटाटोप दिसतो. आधी हातानं रेखाटलेली ही अक्षरं इतकी गुबगुबीत आहेत, की त्यांच्या पोकळ्या म्हणजे जाड वळणांमधून फिरणाऱ्या बारीक पांढऱ्या फटीच उरल्या आहेत. पण त्या फटी नेमक्या तिथंच आहेत जिथं वाचकाला त्यांची गरज आहे. मात्रा आणि उकारही अक्षराच्या रुंदीप्रमाणं बदलतात. हे महत्त्वाचं आहे, कारण जाड फॉन्टची खरी कसोटी सुट्या ‘अ’ ‘आ’वर लागत नाही, ती गावाच्या आणि नदीच्या नावावर लागते. आमच्या भागात त्यासाठी ‘ताम्रपर्णी’ हा एक शब्द पुरतो. ‘म्र’मध्ये दंडाच्या पायथ्याशी रकाराची तिरपी रेघ आली, आणि तिथं आधीच जाड दंड उभा आहे. ‘र्णी’वर वेलांटीची कमान आणि तिच्या टोकाला रफार, दोघंही शिरोरेषेच्या वरच्या त्याच चिंचोळ्या पट्ट्यात जागा मागतात. फुगवलेल्या फॉन्टमध्ये रफार वेलांटीत बुडतो आणि नदी ‘ताम्रपणी’ होते. ‘हलकर्णी’चंही तेच. ‘काजू’ लिहिताना ‘ज’खालचा दीर्घ उकार खालच्या ओळीत घुसतो, आणि ‘ढोलगरवाडी’तल्या ‘ढ’ची गाठ आत बुजते. हे चार शब्द नीट उमटले तर तो फॉन्ट या तालुक्यात चालेल, असं समजायला हरकत नाही.

अशी अक्षरं आपल्याकडे एवढी उशिरा का आली, याचं कारण छपाईच्या हिशेबात आहे. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला लंडनमध्ये लॉटरीच्या जाहिरातींसाठी जाडजूड अक्षरांचे खिळे निघाले. अमेरिकेत 1922 साली ऑस्वाल्ड कूपर यांच्या नावाचं कूपर ब्लॅक हे गोलमटोल अक्षर आलं, ते आजही खाऊच्या पाकिटांवर आणि जुन्या गाण्यांच्या रेकॉर्डवर दिसतं. इंग्रजीचा असा संच ओतायला लहानमोठी मिळून बावन्न अक्षरं, आकडे आणि विरामचिन्हं पुरतात. देवनागरीला जोडाक्षरं, अर्धी अक्षरं, मात्रा, रफार धरून शेकडो खिळे लागतात. एवढा खर्च करून ओतलेला संच रोजच्या मजकुराला उपयोगी पडला पाहिजे, हा हिशेब सरळ होता. जावजी दादाजींच्या निर्णयसागर छापखान्याची अक्षरं देखणेपणासाठी नावाजली गेली, पण ती प्रामुख्यानं पोथ्यापुस्तकांची अक्षरं. खेळकरपणा खिळ्यांत आला नाही, तो कुंचल्यात राहिला. बाबूराव पेंटरांच्या कोल्हापूरनं सिनेमाची पोस्टरं रंगवली. कमल शेडगे यांनी अर्धशतकाहून अधिक काळ नाटकांची नावं अशी रेखाटली, की वर्तमानपत्रातली जाहिरात पाहून नाटक हसरं आहे की गंभीर, हे आधीच कळावं. मूळचे कोल्हापूरचे व्यंगचित्रकार वसंत सरवटे चित्राइतक्याच खट्याळ अक्षरांत लिहीत. ही सगळी अक्षरं मात्र त्या त्या शब्दापुरतीच होती. शेडगेंनी रेखाटलेल्या शीर्षकातून दुसऱ्या गावच्या डेअरीचं नाव जुळवता येत नव्हतं. संगणकाच्या फॉन्टनं पहिल्यांदाच हे शक्य केलं, की एका जाणत्या हाताचा खेळकरपणा त्या माणसाला कधीही न भेटलेल्या ऑपरेटरच्या कामी यावा.

आता आक्षेप. पहिला आणि सर्वांत सरळ आक्षेप असा, की अशी अक्षरं वाचायला जड जातात. मान्य आहे. मोदकमध्ये परिच्छेदभर मजकूर लावला तर तो कुणी वाचणार नाही, आणि वाचूही नये. पण परिच्छेद हे त्या अक्षराचं कामच नाही. बेळगाव-वेंगुर्ला रस्त्यावरून ताशी 50 किलोमीटरनं जाणारा मोटारसायकलवाला सेकंदाला जवळपास 14 मीटर पुढं जातो. त्याची नजर बोर्डावर चार सेकंद टिकली असं धरलं, तर तेवढ्यात तो 55 मीटर पार करून गेलेला असतो. या चार सेकंदांत, खड्डे चुकवत, त्याच्या डोक्यात दोन-तीन शब्दच शिरणार. त्या शब्दांचा आकार एकदम, एका दमात ओळखू आला पाहिजे, आणि जाड अक्षराचं काम तेवढंच आहे. बाकी पत्ता, फोन, वेळ साध्या अक्षरात, कारण ते थांबून वाचायचं असतं. प्रत्यक्षात फ्लेक्स वाचवत नाहीत ते त्यातल्या एका जाड शब्दामुळं नव्हे. नेत्याचं नाव, शुभेच्छुकांची नावं, ‘नाद करायचा नाय’ची आरोळी आणि मंडळाचा पत्ता असं सगळंच जाड केल्यामुळं ते वाचवत नाहीत. सगळेच ओरडायला लागल्यावर कुणाचं ऐकायचं? हा दोष अक्षर रेखाटणाऱ्याचा नाही, मजकुराची निवड न करणाऱ्याचा आहे. त्यात निम्मा वाटा गिऱ्हाइकाचा आणि निम्मा आमचा, हे मान्य करायला हवं.

दुसरा आक्षेप प्रतिष्ठेचा आहे. मराठी ही अभिजात भाषा, तिची अक्षरं अशी फुगलेल्या गालांची, बालिश का दाखवायची? या आक्षेपामागची कळकळ खरी आहे, पण त्यात एक गृहीतक लपलेलं आहे, की भाषेची प्रतिष्ठा गंभीर चेहऱ्यातच असते. ज्या तालुक्यातल्या कोवाडला रणजित देसाईंसारखा लेखक झाला, त्या तालुक्याला गंभीर मराठी कोणी शिकवायला नको. पण त्याच तालुक्यातली मुलं अंगणवाडीत अक्षरं गिरवतात, गणपतीत नाचतात, आइस्क्रीम खातात. त्यांच्या वाट्याला येणाऱ्या चिप्सच्या पाकिटावर, कार्टूनवर आणि खेळण्यांच्या खोक्यावर इंग्रजी अक्षरं उड्या मारत असतात, आणि मराठी कोपऱ्यात सरकारी नोटिशीसारखी ताठ उभी असते. मुलाच्या मनात त्यातून जो धडा जातो, तो कुठल्याही भाषादिनाच्या भाषणानं पुसला जात नाही: मजा इंग्रजीत, अभ्यास मराठीत. ज्या लिपीला हसता येत नाही, तिच्याबद्दल आदर वाटेल, जवळीक वाटणार नाही. अर्थात प्रत्येक जागेचा आब असतोच. ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ला गुबगुबीत अक्षर लावणं हा अडाणीपणा आहे. पारगडाच्या पायथ्याशी लावायच्या माहितीफलकाला आणि दवाखान्याच्या पाटीलाही ते शोभणार नाही. पण एखादं अक्षर सगळीकडे चालत नाही म्हणून ते कुठंच नको, हा न्याय झाला नाही.

तिसरा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो. तयार फॉन्ट आले, त्यातले चांगले चांगले फुकट मिळू लागले, मग बोर्ड रंगवणाऱ्या पेंटरनं खायचं काय, आणि सगळ्या गावांचे बोर्ड एकसारखे दिसू लागले तर गावाचं वेगळेपण कुठं राहिलं? पेंटरचं काम गेलं हे खरं आहे. पण ते मोदकनं घालवलं नाही, फ्लेक्सच्या मशिननं घालवलं, आणि ते अशा काळात जेव्हा ऑपरेटरच्या हाताशी चांगलं जाड अक्षर फारसं नव्हतं. पेंटर खडूच्या दोरीनं दोन रेघा मारायचा, नावाची लांबी मनात मोजायचा, ‘रवळनाथ’ लिहिताना ‘र’ आणि ‘व’च्या मधे आपसूक जागा सोडायचा. ही जाण मशिनबरोबर आली नाही. जी थोडीफार परत येते आहे, ती जाणत्यांनी रेखाटलेल्या फॉन्टमधूनच. मुंबईच्या लोकल रेल्वेवरच्या रंगवलेल्या पाट्यांचं वळण घेऊन कॅथरीन श्मिट यांनी यात्रा वन हा फॉन्ट केला. त्यात चपट्या ब्रशचा कोन अजून दिसतो. एकसारखेपणाची भीती मात्र रास्त आहे. एकच लोकप्रिय फॉन्ट दहा दुकानांवर लागला तर दहाही दुकानं हरवतात. त्यावर औषध फॉन्ट कमी करणं हे नाही, वाढवणं हे आहे. मोदक खुल्या परवान्याखाली आहे. तो कुणीही वापरावा, इतकंच काय, परवान्याच्या अटी पाळून त्यात बदलही करावेत. ज्या पेंटरांचे हात अजून स्थिर आहेत, त्यांची अक्षरं कागदावर उतरवून घेऊन त्यांचे फॉन्ट करणं आज तांत्रिकदृष्ट्या अवघड राहिलेलं नाही. मोठ्या कला महाविद्यालयांनी अशा कामासाठी आमच्यासारख्या तालुक्यांत यावं.

सीमेवरच्या तालुक्याला या विषयाचं आणखी एक अंग आहे. 1956 पर्यंत चंदगड बेळगाव जिल्ह्यात होतं. राज्यपुनर्रचनेत बेळगाव म्हैसूर राज्यात गेलं आणि चंदगड मुंबई राज्यात राहून कोल्हापूरला जोडलं गेलं. शासकीय रेघ पडली, पण बाजाराची वाट बदलली नाही. इथला काजू, ऊस, लग्नाचा बस्ता, दवाखाना, सगळ्याची ये-जा सीमेवरच्या शिनोळीवरून बेळगावला चालूच आहे. त्यामुळं एकाच दुकानाला, एकाच मालाच्या पिशवीला मराठी, कन्नड आणि इंग्रजी अशी तीन नावं लागतात. कन्नड अक्षरं जातीनंच गोल आणि भरदार. त्यांच्या शेजारी आपली बारीक, काटेकोर देवनागरी ठेवली की मराठी अशक्त दिसते. मग ती मोठी करण्यासाठी ऑपरेटर ती फुगवतो, आणि वर सांगितलेले सगळे घोटाळे सुरू होतात. एक टाइपच्याच बलू या फॉन्टनं हा प्रश्न मुळाशी धरला. देवनागरीसह नऊ भारतीय लिप्यांत आणि रोमनमध्ये एकाच स्वभावाची, गुटगुटीत पण मोदकपेक्षा मवाळ अशी ही अक्षरं आहेत. कन्नड भावंडाचं नाव बलू तम्मा. एकाच पाटीवर तिन्ही लिप्या एकमेकींवर कुरघोडी न करता शेजारी बसतात. महाराष्ट्रात दुकानांच्या कायद्यातल्या 2022 च्या दुरुस्तीनंतर लहान दुकानांनाही देवनागरीतली मराठी पाटी सक्तीची झाली, आणि मराठी अक्षर दुसऱ्या लिपीपेक्षा लहान नसावं असं कायदा सांगतो. आकाराचं माप कायद्यानं ठरवता येतं, पण अक्षर वाचता येईल आणि बघावंसं वाटेल, ही जबाबदारी पाटी करणाऱ्याचीच राहते.

या बाजूनं बोलताना नव्या फॉन्टच्या उणिवा झाकून चालणार नाही. देवनागरीतले बरेच सजावटी फॉन्ट हिंदी बाजारपेठ डोळ्यांसमोर ठेवून होतात. त्यांत ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाचे निघतात. 2009 च्या शासन निर्णयानं मराठी वळणं प्रमाण ठरवली असली तरी फॉन्ट करणाऱ्यापर्यंत ती दरवेळी पोचत नाहीत. त्याहून मोठी अडचण ‘ऱ्य’ आणि ‘ऱ्ह’ची. साखर कारखान्याच्या एकाही बोर्डाचं ‘शेतकऱ्यां’वाचून भागत नाही, आणि नेमकं तिथंच काही फॉन्ट पाय मोडलेला ‘र’ दाखवतात किंवा रफार देऊन ‘शेतकर्यां’ करून ठेवतात. दुसरी उणीव आमच्या दुकानांची. जुन्या कोरलमध्ये युनिकोड देवनागरीची वेलांटी भलतीकडे पडायची, म्हणून ऑपरेटरनी श्रीलिपी या जुन्या फॉन्टसंचाचा हात सोडला नाही. अजूनही कितीतरी ठिकाणी फॉन्ट नावानं नव्हे, नंबरानं ओळखले जातात. नवं सॉफ्टवेअर आल्यावर ही अडचण बरीच सरली, सवय मात्र सरली नाही. फॉन्ट फुकट आहे, मशिन दारात आहे, आणि तरी जुन्या अक्षराला आउटलाइन चढवणं चालूच आहे. याला तंत्रज्ञान जबाबदार नाही, आमचा आळस जबाबदार आहे.

तेव्हा निकाल असा. जाड, खेळकर अक्षर वापरावं, पण ते जाड म्हणून रेखाटलेलंच वापरावं. दोन-तीन शब्दांपुरतं वापरावं, मोठ्या मापात वापरावं, आणि त्याला आउटलाइन, ताण, सावली यांतलं काही लावू नये, कारण रेखाटणाऱ्यानं पोकळीचा हिशेब आधीच करून ठेवलेला असतो. आम्ही डिझाइन करणाऱ्यांनी शीर्षक सोडून बाकी मजकूर साधा ठेवायचा आग्रह धरावा, गिऱ्हाईक कुरकुरलं तरी. आणि बोर्ड करून घेणाऱ्यांना एवढंच सांगणं, की प्रूफ मोबाइलवर बोटांनी मोठं करून बघू नका. कागदावर काढून घ्या, भिंतीला लावा, चांगली वीस पावलं मागं जा, आणि मजकूर माहीत नसलेल्या माणसाला तो मोठ्यानं वाचायला सांगा. तो अडखळला तर फ्लेक्स छापू नका.